जुनी फियाट, गल्लीतले मिस्त्री आणि फक्त कार्ब्युरेटर करणारे काका

आमच्या गाडीच्या डिकीवर ‘प्रेसिडेंट’ अशी अक्षरं आहेत, पण ठाण्यात नौपाड्यापासून कोपरीपर्यंत कुणालाही विचारा, ती ‘फियाट’च आहे. १९७३ चं मॉडेल. वडिलांनी सेकंडहँड घेतली, मी तिच्या मागच्या सीटवर झोपून मोठा झालो, आणि आता तीन हात नाक्याच्या सिग्नलला ती बंद पडली की मागचे हॉर्न माझ्या नावाने वाजतात. शेजारी थांबलेले लोक खिडकीतून दोनच प्रश्न विचारतात. पहिला, “विकायची आहे का?” त्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा, “हिचं काम कोण करतं?” त्याचं उत्तर द्यायला सिग्नल पुरत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

जुन्या गाडीच्या मालकाचा हा कायमचा पेच. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गळतोय, ब्रेक पेडल खाली जातंय, इंजिन ऑइल खातंय. गाडी घराजवळच्या मिस्त्रींकडे न्यायची, की तेवढाच भाग खोलून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, फक्त त्याच भागाचं काम करणाऱ्या माणसाकडे पाठवायचा? मिस्त्री म्हणतात, “आणा साहेब, दोन तासांत करून देतो.” व्हॉट्सॲपवरचे जाणकार म्हणतात, “मिस्त्रीला हातसुद्धा लावू देऊ नका.” दोघांचंही अर्धं खरं असतं. कुणाचं कुठलं अर्धं, ते प्रत्येक भागापाशी वेगळं ठरतं.

आधी ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द जमिनीवर आणू. परदेशात असा माणूस म्हणजे वेबसाइट, कॅटलॉग, कुरिअरने येणारी खोकी. आपल्याकडे तो बहुतेक वेळा वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेच्या पट्ट्यात एखाद्या गाळ्यात बसलेला असतो. पाटी असेलच असं नाही. असली तर त्यावर ‘क्रँक ग्राइंडिंग’ किंवा ‘बोअरिंग, होनिंग’ एवढंच. मी ज्यांच्याकडे कार्ब्युरेटर नेतो ते काका गाडी चालवतसुद्धा नाहीत, रिक्षाने येतात. त्यांच्या टेबलावर दुसरं काही नसतं, कार्ब्युरेटरच कार्ब्युरेटर. तर मोठं दुकान आणि छोटं दुकान असा हा भेद नाही. पाहायच्या गोष्टी दोन. तोच एक भाग महिन्यात किती वेळा त्या हातांखालून जातो? आणि तो हात मोजायला काय वापरतो, डोळा की मायक्रोमीटर?

पहिल्या प्रश्नाच्या पोटात मुंबईच्या टॅक्सीची गोष्ट आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे १९७४ पासून पद्मिनी, ही दशकानुदशकं काळी-पिवळी टॅक्सी होती. दिवसभर पळणाऱ्या हजारो गाड्या, बहुतेकांचं इंजिन एकच, १०८९ सीसीचं. त्यामुळे मुंबई-ठाण्यातल्या साध्या गॅरेजातही फियाटचं इंजिन रोजच्या भाजीसारखं यायचं. राबोडीतल्या किंवा कळव्यातल्या मिस्त्रींनी डोळे झाकून व्हॉल्व्ह बसवावेत इतकं. त्या काळी गल्लीतला मिस्त्री हाच फियाटचा स्पेशालिस्ट होता. मग शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. पेपरांनी फोटो छापले, आपण हळहळलो. गॅरेजच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या कितीतरी आधीपासून काम आटत गेलं होतं. आज पस्तिशीतल्या मेकॅनिकने फियाट खोललेली नसण्याचीच शक्यता जास्त. यात त्याचा दोष नाही. तो स्कॅनर लावून तुमच्या स्विफ्टचा सेन्सर पाच मिनिटांत शोधेल. पण ‘आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे ना’ हे वाक्य १९९५ साली जेवढं भरवशाचं होतं तेवढं आता राहिलेलं नाही.

म्हणून मी भागाभागाची वाटणी करतो. माझा निकष आमच्या मिस्त्रींनीच एकदा चहा पिताना सहज बोलून दाखवला होता: “रबर चुकलं तर बदलता येतं साहेब, लोखंड घासलं की गेलं.” ज्या कामात चूक झाली तर पुन्हा खोलून दुरुस्त करता येते, ते काम घराजवळ. ज्या कामात धातू कापला, घासला, खरवडला जातो, तिथे मोजणाऱ्या माणसाकडे. आता हे खरोखरच्या भागांवर लावून पाहू.

ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण इथे चुकल्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन तेल पुढे ढकलतो. ते तेल नळ्यांतून चारही चाकांच्या छोट्या सिलिंडरांत जातं आणि ब्रेक शू ड्रमला टेकतात. सगळा दाब धरून ठेवतं ते पिस्टनच्या टोकावरचं वाटीसारखं रबर. त्याची पातळ कड सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटून सरकते. भिंत आरशासारखी असेल तोवर ठीक. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, चार महिने पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीत पाणी मुरणारच. तेच पाणी सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पाडतं. खड्ड्यावरून रबराची कड गेली की तेल निसटतं.

गल्लीतला उपाय असा: सिलिंडर खोला, पॉलिश पेपर मारा, नवं रबर किट टाका. खड्डे नसतील, नुसता काळा थर असेल तर हे पुरतं, आणि ते मिस्त्रींनीच करावं. पण खड्डा नखाला लागत असेल तर पॉलिश पेपरने तो जात नाही, खड्ड्याभोवतीची भिंत मात्र जाते. बोट जिथे जास्त दाबलं जाईल तिथे जास्त घासलं जातं आणि गोल भोक किंचित लंबगोल होतं. नवं रबर महिना-दोन महिने धरतं, मग पुन्हा गळतं. तुम्ही रबराला शिव्या देता.

स्पेशालिस्ट इथे बाही घालतो. सिलिंडर लेथवर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेसची पातळ नळी ठोकून बसवतो आणि आतून होन करून, म्हणजे घोटून, मूळ मापावर आणतो. मूळ मापावर, हे महत्त्वाचं, म्हणजे बाजारातलं साधं किटच पुढे चालतं. ऐकायला सोपं वाटतं. खरी कसोटी एका भोकाची असते. पेडल सोडल्यावर जास्तीचं तेल ज्यातून वरच्या डबीत परत जातं, ते मास्टर सिलिंडरमधलं भोक सुईने पाडल्याएवढं बारीक असतं. बाही घातली की ते झाकलं जातं, पुन्हा नेमक्या त्याच जागी पाडावं लागतं आणि आतल्या बाजूची धार मोडावी लागते. धार राहिली तर ती दर दाबाला रबर कापते. भोक जरा पुढेमागे पडलं तर तेल परत जात नाही, गाडी चालता चालता ब्रेक आपोआप लागत जातात आणि घोडबंदर रोडला पोचेपर्यंत ड्रमचा वास यायला लागतो. जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून बहुधा एकच सर्किट असतं. एक गळती म्हणजे सगळे ब्रेक गेले. म्हणून मास्टर सिलिंडरला खड्डे दिसले तर मी वाद घालत नाही. तो खोक्यात भरून स्पेशालिस्टकडे जातो.

ब्रेक शू मात्र वेगळे. लायनिंग झिजलं की पत्र्याचे शू तेच ठेवून नवं लायनिंग रिव्हेट मारून किंवा चिकटवून बसवतात. हे करणारी माणसं अजून बरीच आहेत. एकच गोष्ट आवर्जून सांगायची: ड्रमही सोबत द्या. ड्रम आधी लेथवर टर्न केलेला असेल तर त्याचा व्यास वाढलेला असतो, आणि नवा शू मधेच टेकतो, टोकांना टेकत नाही. शूला ड्रमच्या गोलाईत घासून बसवावं लागतं. शू एकीकडे आणि ड्रम दुसरीकडे असं केलं की पेडल लागतं, गाडी थांबत नाही.

आता कार्ब्युरेटर. हा भाग सगळ्यात जास्त वेळा खोलला जातो आणि सगळ्यात कमी वेळा समजून घेतला जातो. तिकडे काही बिनसलं की एकच इलाज: “किट टाकू.” किट म्हणजे पॅकिंग, डायफ्राम, सुई-सीट, एखाद-दुसरा जेट, म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारं बारीक भोक. कचरा अडकला असेल, डायफ्राम फाटला असेल, सुई गळत असेल तर किटने गाडी गात निघते. पण माझ्या गाडीला पाच वर्षांत तीन किटं लागली आणि तरी ती आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू असताना, थरथरायची. रोग किटमध्ये नव्हताच.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. कार्ब्युरेटरचं काम म्हणजे हे गणित सांभाळणं. खालच्या बाजूला एक पितळी पाकळी असते, थ्रॉटल. ती ज्या दांडीवर फिरते ती दांडी कार्ब्युरेटरच्या नरम धातूच्या अंगात नुसतीच भोकात बसवलेली असते. पन्नास वर्षं पाय वर-खाली झाला की दांडी आणि भोक दोन्ही झिजतात. आयडलिंगला इंजिन जोरात हवा ओढत असतं, त्यामुळे दांडीच्या फटीतून बिनहिशेबी हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं. मिस्त्री स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतात, गाडी शांत होते. मग जरा वेगात पेट्रोल जास्त, सिग्नलला कमी, आणि पंपावर तुमचा खिसा. ओळखायची युक्ती सोपी आहे. गाडी आयडलिंगला ठेवून दांडी जिथे अंगात शिरते तिथे थोडं जाड ग्रीस लावा. इंजिनचा सूर बदलला तर तिथूनच हवा जाते. कृपा करून पेट्रोल शिंपडून बघू नका, तसं करणारे लोक मी पाहिले आहेत.

यावर इलाज म्हणजे अंगातलं भोक सरळ रेषेत मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवणं आणि नवी दांडी घालणं. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसतील तर पाकळी अडकते, आणि अडकलेली पाकळी म्हणजे पाय काढला तरी पळणारी गाडी. म्हणून हे हाताच्या ड्रिलचं काम नव्हे. काकांनी ते केलं, वीस मिनिटं मला दोन भोकांची रेष दाखवली, आणि शेवटी म्हणाले, “आता हिला किट लागणार नाही, तुम्हाला लागेल.” त्यांचा विनोद मला अजून नीट कळलेला नाही, पण गाडी आता थरथरत नाही.

अलीकडे या गोष्टीत इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या पद्धतीचं रबर फुगवतं किंवा कडक करतं, आणि महिनोन् महिने उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पांढरट पूड साचवतं. वर, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेलं ‘ओरिजिनल’ किट त्यामुळे कधी कधी नव्या स्थानिक किटपेक्षा वाईट. कुणाकडूनही काम करून घ्या, पण रबर इथेनॉल सोसणारं आहे का हे आधी विचारा. उत्तरात “सगळं एकच असतं हो” असं आलं तर भाग पिशवीत घालून उठा.

इंजिनपाशी आलं की माझा आवाज थोडा चढतो, कारण इथे मी स्वतः भाजलो आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑइल प्रेशरचा दिवा पेटायला लागला. त्या वेळी आमचे मिस्त्री गावी गेले होते, म्हणून एका चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी दिली. त्यांनी इंजिन उतरवलं, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग बदलले, गाडी दिली. गाडी उत्तम चालली. काय केलं, किती घासलं, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं गोल फिरणं करणारा वाकडातिकडा दांडा. तो बेअरिंगमध्ये फिरतो, पण बेअरिंगला टेकत नाही, मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. ५० मिलिमीटर जाडीच्या भागाला साधारण ०.०५ मिलिमीटर फट लागते, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. फट वाढली की ऑइल कडेने निसटतं आणि प्रेशर पडतं. दांडा झिजला, ओरखडे पडले की तो घासून पुन्हा गोल आणि गुळगुळीत करतात आणि तेवढा जाड बेअरिंग घालतात. हे बेअरिंग पायऱ्यांनी मिळतात: दहा, वीस, तीस, चाळीस. आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले, म्हणजे एक पायरी पाव मिलिमीटरची. मिस्त्री नुसतं “क्रँक वीसला आहे” म्हणतात. याचा अर्थ क्रँकला मोजून चारच आयुष्यं असतात, आणि चाळीसनंतर तो दांडा बहुधा भंगारात.

गेल्या वर्षी वागळे इस्टेटच्या गाळ्यात ग्राइंडिंगवाल्यांनी आमचा क्रँक मायक्रोमीटरला लावला आणि माझ्याकडे बघितलं. तीस. वडिलांच्या जुन्या बिलात त्याआधी तो दहाला असल्याची नोंद होती. मधली वीस कुठे गेली? त्यांनी अंदाज सांगितला आणि तो मला पटला: त्या वेळी वीसचे बेअरिंग हाताशी नसतील, तीसचे असतील, म्हणून थेट तीसला घासला. गाडीचं एक अख्खं आयुष्य कुणाच्या तरी फडताळात काय पडलं होतं यावर ठरलं. उलटा प्रवास नाही. धातू परत चढवण्याचे उपाय असतात, पण ते फियाटच्या मालकाने करावेत असे नाहीत.

म्हणून आता मी ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर प्रत्येक जर्नलचं, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं, माप कागदावर मागतो. चांगला माणूस हसतो आणि देतो. दुसरी खूण बघायची ती कोपऱ्याची. क्रँकचा गोल भाग जिथे उभ्या भिंतीला मिळतो तिथे बारीक गोलाई असायला हवी. घाईत घासणारा ती चौकोनी करून टाकतो, आणि सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होऊन क्रँक तिथेच तडकतो. हे तुम्हाला नखानेही कळतं.

बोअरचंही, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भोकाचंही, तेच तत्त्व. सिलिंडर झिजतो तो वरच्या भागात जास्त, आणि पिस्टनवरची रिंग जिथपर्यंत पोचतच नाही त्या टोकाला न झिजलेली एक कड उभी राहते. ‘हाफ इंजिन’, म्हणजे इंजिनची अर्धीमुर्धी दुरुस्ती, करताना नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर नवी, धारदार वरची रिंग त्या कडेवर आपटते आणि तुटते. इंजिन ऑइल खात होतं ते आता ऑइलबरोबर रिंगही खातं. बोअर घासून मोठा करायचाच असेल तर आधी पिस्टन विकत घ्या, ते पिस्टन गाळ्यात न्या आणि त्या पिस्टनच्या मापाला बोअर करून घ्या. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालणं, हा उलटा क्रम मी किमान तीन ओळखीच्या माणसांना करताना पाहिला आहे. तिथल्या भंगारातून आलेला भाग वाईट असतो असं नाही, माझ्या गाडीत तिथले दोन भाग आहेत. फक्त तो मोजल्याशिवाय बसवायचा नाही.

हेडचं फेसिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण घासून सपाट करणं, हा याच कुटुंबातला छोटा भाऊ. गाडी तापली, हेड वाकलं, सपाट करायला वरचा थर काढला. प्रत्येक वेळी हेड पातळ होतं आणि कॉम्प्रेशन वाढतं. दोन-तीनदा झालं असेल तर आधी जाडी मोजून घ्या, एवढंच.

आता दुसरी बाजू. डायनॅमो आणि सेल्फ यांना मी गल्लीबाहेर जाऊ देत नाही. कार्बन ब्रश, बुश, कॉम्युटेटरची सफाई ही कामं आपले ऑटो इलेक्ट्रिशियन झोपेतही करतील. वाइंडिंग जळलं असेल तरच ते वाइंडिंगवाल्याकडे जातं, आणि तिथेही रस्ता आमच्या इलेक्ट्रिशियनला माहीत असतो, मला नाही. वॉटर पंप, क्लच प्लेट, टॅपेट सेट करणं, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ लावणं, सगळं घराजवळ. टायमिंग तर आमचे मिस्त्री तपासायचा टायमिंग लाइट न लावता कानाने धरतात, आणि मी दोनदा लाइट लावून तपासलं आहे. क्रोमिंगबद्दल बोलत नाही, ते मालकाच्या हौसेवर आणि कर्जावर ठरतं.

स्पीडोमीटर आणि घड्याळ या दोन गोष्टींना मात्र मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर दाखवू नये. आत लोहचुंबक आणि केसासारखी स्प्रिंग असते. एकदा वाकली की काटा आयुष्यभर वीस किलोमीटर पुढे धावतो, आणि बायको म्हणते, “हळू चालवा.”

स्पेशालिस्टांची आरती ओवाळतोय असं वाटू नये म्हणून हेही सांगतो. काका भेटायच्या आधी मी एकदा कार्ब्युरेटर दूरच्या शहरात, नावाजलेल्या ठिकाणी पाठवला होता. पाच महिन्यांनी आला तो दागिन्यासारखा. पिवळा, चमकदार, प्रत्येक स्क्रू नवा. बसवला आणि गाडीतून पेट्रोल ओघळायला लागलं. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या फ्लोटची उंची चुकली होती. आमच्या मिस्त्रींनी तो खोलला, पितळी जीभ बोटाने इवलीशी वाकवली, पुन्हा बसवला. वीस मिनिटं. पैसे घेतले नाहीत, फक्त त्या चमकेकडे बघून म्हणाले, “लग्नाला नेताय का?” स्पेशालिस्टच्या टेबलावर भाग एकटा असतो. गाडीत तो बाकीच्या झिजलेल्या भागांबरोबर संसार करतो. ती भांडणं फक्त रोजच्या माणसाला ठाऊक असतात.

आणि खरी वाट लागते ती दोघांच्या मधल्या जागेत. नवा बेअरिंग घालून आलेलं इंजिन बसवताना ऑइल आधी फिरवून घेतलं नाही तर पहिल्या काही सेकंदांतच बेअरिंग कोरडा घासतो. मग मिस्त्री म्हणतात, “ग्राइंडिंग खराब,” आणि ग्राइंडिंगवाले म्हणतात, “फिटिंग आमचं नाही.” तुम्ही मधे क्रँक हातात धरून उभे. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: गाळ्यात मी एकटा जात नाही, मिस्त्रींना बरोबर नेतो. दोघं माझ्या देखत मापांवर बोलतात, माप मिस्त्री स्वतः त्यांच्या डायरीत उतरवून घेतात. जो मिस्त्री अशा वेळी “हे माझं काम नाही, तिथे नेऊ” असं स्वतःहून म्हणतो, तो जपून ठेवावा. जो प्रत्येक गोष्ट “होऊन जाईल” म्हणतो, त्याच्याकडे पंक्चर काढावं.

भाग बाहेर देताना ‘जुना द्या, तयार घ्या’ या सौद्यात मात्र पडू नका. वेळ वाचतो हे खरं. पण तुमच्या गाडीबरोबर कारखान्यातून आलेला कार्ब्युरेटर दुसऱ्याच्या गाडीत जातो आणि तुम्हाला कुठला येतो ते देवाला माहीत. मी भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला पंचने एक ठिपका मारतो, चारी बाजूंनी फोटो काढतो आणि देताना तो ठिपका समोरच्याला दाखवतो. कुणाला राग आलेला नाही.

इंजिनच्या ब्लॉकबाबत तर कागदाचाही प्रश्न आहे. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळायला हवा. मशीनिंग करताना तो पुसला जाणार नाही हे गाळ्यात आधीच बजावा, आणि दुसरा ब्लॉक बसवलात तर आरटीओत तशी नोंद करून घ्या. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नकोत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण मग गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं अशा मोजक्या कामांसाठीच. आमची आता या वयात बसते. मी अर्ज केलेला नाही, कारण मला तिच्यातून गोखले रोडला भाजी आणायला जायचं असतं. पण उद्या मन बदललं तर गाडी मूळ रूपात हवी, म्हणून दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवून ‘एकदाची कटकट मिटवण्याचा’ सल्ला मी ऐकून सोडून देतो.

सध्या डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग, बाहेर आहे. आतल्या शाफ्टचा बुश झिजल्यामुळे पॉइंटची फट दर फेरीला बदलत होती. मिस्त्रींनी दोनदा फट लावली, तिसऱ्यांदा शाफ्ट हातात धरून हलवला, मान हलवली आणि स्वतःच रिक्षा बोलावली. वागळे इस्टेटच्या त्या गाळ्यातल्या गृहस्थांनी डिस्ट्रिब्युटर उलटासुलटा करून बघितला, डायल गेजला लावला, कागदावर आकडा लिहून दिला आणि म्हणाले, “गणपतीच्या आधी देतो.” कुठल्या वर्षीच्या, ते विचारायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.